अभिमानाचा सातबारा

शहाद्याच्या तहसील कचेरीबाहेर बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि वारसाचे कागद लिहून देणं हा माझा अनेक वर्षांचा धंदा. उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डातली नावं, पीकविमा, जातपडताळणी यांच्या गर्दीत अधूनमधून फौजी घरांचेही कागद येतात. कुणाला आईवडिलांचं नाव सेवापुस्तकातल्या नावाशी जुळवायचं असतं, कुणाला पेन्शनीसाठी हयातीचा दाखला हवा असतो. एखादी विधवा सासऱ्याबरोबर येते आणि काय काय लागतं ते विचारते. या कागदांवर काम करताना सैनिकांच्या घरांचा अभिमान जसा दिसतो, तसा तो सव्वीस जानेवारीच्या व्यासपीठावरून दिसत नाही. व्यासपीठावर तो मोठ्या आवाजातला असतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडून बोलतो. कागदाच्या टेबलावर तो कमी बोलतो, पण आपला आपण असतो. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. हा अभिमान त्या घराच्या मालकीचा आहे, कारण तो त्या घरानं वर्षानुवर्षं केलेल्या कष्टांतून उभा राहिला आहे. गाव, समाज आणि सरकार हे त्या घराचे देणेकरी. पण उतारा काढायला जावं, तर मालकाच्या रकान्यात देणेकऱ्यांचीच नावं चढलेली दिसतात.

आमचा भाग सातारा-कोल्हापूरसारखा पिढीजात फौजींचा नाही, हे आधी सांगायला हवं. सातारा तालुक्यातल्या अपशिंगेला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले आणि त्यांचं स्मारक गावात आहे. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीनं तर ‘सैनिक’ हा शब्द गावाच्या नावातच घेतला. अशा गावांत पेन्शनीचा कागद अडला तर गल्लीत चार माजी सुभेदार मार्ग सांगायला असतात. शहादा तालुका तापी-गोमाईच्या काळ्या जमिनीचा, उसाचा, केळीचा, कापसाचा. वर सातपुड्याची रांग. 1998 मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. इथून फौजेत जाणारा मुलगा बहुतेक वेळा घरातला पहिलाच फौजी असतो. पहाटे प्रकाशा रस्त्यावर सोळाशे मीटरची तयारी करत पळणाऱ्या पोरांच्या घरात पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय, नॉमिनेशन कुठे बदलतात, पीपीओ, म्हणजे पेन्शनीचा आदेश, कुठून निघते, हे सांगणारं कुणी नसतं. म्हणूनच आमच्याकडे अभिमान आणि त्याला लागणारी व्यवस्था यांच्यातलं अंतर उघडं पडतं.

या मातीत गणवेश नवा आहे, असंही नाही. 1825 मध्ये जेम्स औट्रमनं धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी केली आणि पुढे अनेक दशकं भिल्ल जवान तिच्यात चाकरी करत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पलटण पोलिसांत विरघळली. आज तिच्यातल्या शिपायांची नावं सांगणारं घर सातपुड्यात शोधूनही सापडणं अवघड आहे. उलट इंग्रजांविरुद्ध उठलेल्या खाज्या नाईकाचं नाव डोंगरात अजून आदरानं घेतलं जातं, आणि 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारला पोलिसांच्या गोळीबारात गेलेल्या शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या चार साथीदारांना जिल्हा दरवर्षी मानवंदना देतो. यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की लोक नुसत्या शौर्याचा अभिमान धरत नाहीत. ते कुणासाठी दाखवलं, हेही पाहतात. दुसरी अशी की आठवण टिकवायला कुणीतरी वर्षानुवर्षं काम करावं लागतं. शिरीषकुमारची आठवण शाळांनी आणि शहरानं टिकवली. भिल्ल पलटणीतल्या शिपायांसाठी ते काम करणारं कुणी नव्हतं, म्हणून ती घरं त्या इतिहासातून पुसली गेली. आजच्या फौजी घरांच्या बाबतीत हे काम कोण करतं, हा माझा मुद्दा आहे.

बहुतेक वेळा ते घरच करतं. घरोघरी एक काळी लोखंडी पेटी असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि युनिट लिहिलेलं असतं. तिच्यात डिस्चार्ज बुक, कँटीन कार्ड, पदकं, बदल्यांचे कागद, पोरांचे जन्मदाखले आणि पतिपत्नीचा जोडफोटो असतो. पेन्शनीच्या कागदांना लागणारा हा जोडफोटो मला फार बोलका वाटतो. फौजेच्या नजरेत ती बाई त्या नोकरीचा भाग आहे, हे तो एक कागद तरी कबूल करतो. नवरा सीमेवर असताना उसाला पाणी देणं, कारखान्याच्या तोडीची वाट पाहणं, सोसायटीचं कर्ज नवंजुनं करणं, सासऱ्याला दवाखान्यात नेणं, पोरांच्या शाळेत पालक म्हणून उभं राहणं, हे सगळं तिच्या वाट्याला येतं. वर्षाकाठी दोनदा तो दोंडाईच्याला गाडीतून उतरून सारंगखेड्याच्या पुलावरून घरी येतो. सुट्टीतले निम्मे दिवस त्या साचलेल्या कामांतच जातात आणि उरलेले नातेवाइकांच्या लग्नात. पंधरा-सतरा वर्षांची शिपाईगिरी अशी दोन ठिकाणी चालते. एका ठिकाणाला पगार असतो, दुसऱ्या ठिकाणाला नसतो. या घरांचा अभिमान मुख्यतः या वर्षांतून आलेला असतो. तो जगण्याचा अभिमान आहे. मरण आलं तर त्याच्यावर शेवटचा शिक्का बसतो, इतकंच. आपण मात्र त्या शिक्क्यापासून सुरुवात करतो, म्हणून जो सुखरूप परत येतो त्याच्या बायकोच्या त्यागाची आपल्या हिशेबात नोंदच होत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: पोरं पोटासाठी भरती होतात, मग यात कसला आला त्याग? पगार मिळतो, पेन्शन मिळते, बाकीची नोकरी तशी ही नोकरी. हा आक्षेप मी हलका समजत नाही, कारण त्यातली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. दोन एकर कोरडवाहू आणि तीन भाऊ असलेल्या घरात फौज हा पक्क्या पगाराचा रस्ता असतो आणि घरचे ते लपवतही नाहीत. पण माणूस दारातून आत का गेला आणि आत गेल्यावर त्यानं काय केलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरही फी घेतो, म्हणून साथीत रुग्णांजवळ थांबलेल्या डॉक्टरची किंमत कमी होत नाही. आणि फौजेच्या करारात एक कलम असं आहे, जे बहुतेक नोकऱ्यांत नसतं: हुकूम आल्यावर धोका पाहून मागे फिरण्याची मुभा नाही. त्या कलमाची पुरती किंमत पगारात येत नाही. शिवाय पोटाचा मुद्दाच सगळं ठरवत असता, तर साताऱ्याच्या स्वाती महाडिक फौजेत गेल्या नसत्या. नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक कामी आले आणि सप्टेंबर 2017 मध्ये स्वातीताई चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. विरारच्या गौरी महाडिक आणि मीरा रोडच्या कनिका राणे याही पती गेल्यावर 2020 मध्ये अधिकारी झाल्या. शिकलेल्या, दुसरे मार्ग मोकळे असलेल्या या स्त्रियांनी तीच वाट निवडली. आमच्याकडच्या जवानाच्या बायकोला अकादमीचा रस्ता बहुधा खुला नसतो. ती शेत आणि घर पडू देत नाही. पण काम पुढे चालवणं हेच दोघींच्या अभिमानाचं रूप आहे.

आज आपल्याला जो सार्वजनिक अभिमान परिचयाचा आहे, तो तसा अलीकडचा. 1962, 1965, 1971 च्या युद्धांत पडलेल्या जवानांवर साधारणपणे तिकडेच अंत्यसंस्कार होत. घरी तार येई, मागाहून सामान येई. 1999 च्या कारगिल युद्धात पार्थिव घरी पाठवण्याची पद्धत रुळली. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येऊ लागली, मानवंदनेच्या फैरी गावच्या शिवारात झडू लागल्या. ही गोष्ट चांगलीच झाली. ज्या घरांना पूर्वी एका तारेवर विश्वास ठेवून सुतक पाळावं लागे, त्यांना शेवटचं दर्शन मिळू लागलं आणि देशाची सीमा म्हणजे काय, हे गावालाही समोर दिसलं. ऑक्टोबर 2017 मध्ये बांदीपोऱ्याच्या हाजिन भागातल्या चकमकीत हवाई दलाच्या गरुड पथकातले, नंदुरबार जिल्ह्यातले सार्जंट मिलिंद खैरनार कामी आले आणि पुढे त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झालं, तेव्हा अवघ्या जिल्ह्यानं ते दुःख आपलं मानलं. पण याच रिवाजाबरोबर एक अपेक्षाही आली. आई रडली की कुणीतरी सांगतं, ‘वीरमाता अशी रडत नसते’. कॅमेरा बापापुढे धरून दुसऱ्या मुलाला पाठवणार का, असं विचारलं जातं आणि ‘हो’ याशिवाय दुसरं उत्तर द्यायची सोय ठेवलेली नसते. त्या बापानं ‘हो’ म्हटलं तर ते मनापासून असू शकतं. पण ‘नाही’ म्हणण्यानं त्याचा अभिमान तसूभरही कमी होत नाही, हे आपण कधी मान्य करणार? शोक आणि अभिमान एकाच घरात, एकाच माणसात, एकाच वेळी राहतात. त्यातलं एक गिळायला लावून दुसरं दाखवायला सांगणं म्हणजे त्यांच्या मालकीच्या गोष्टीवर ताबा घेणंच.

तेरावं झालं की खुर्च्या उचलल्या जातात आणि कागद सुरू होतात. इथे अडचण कुणाच्या दुष्टपणाची क्वचितच असते. भरतीच्या वेळी बाबूनं इंग्रजीत जे स्पेलिंग लिहिलं, ते जन्मभर चिकटतं. गावाचं नाव एका कागदावर ‘शहादा’, दुसऱ्यावर ‘शहादे’ असतं. बायकोचं नाव आधारवर ‘लता’, शाळेच्या दाखल्यावर माहेरच्या आडनावाचं आणि रेशनकार्डावर ‘लताबाई’. ही एकच बाई आहे हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल, पण ते सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र लागतं, कधी राजपत्रातली जाहिरात लागते. लग्न युनिटला कळवून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्याची अधिकृत नोंद, निघालेली नसेल, तर फौजेच्या नोंदीत ती बायकोच नसते. आमच्या डोंगरातल्या समाजांत लग्नाचा रिवाज वेगळा. संसार सुरू होतो आणि विधी सवडीनं, कधी काही वर्षांनी होतो. मग लग्नाची तारीख कोणती लिहायची? तारीख चुकली की पोराच्या जन्मतारखेशी ती जुळत नाही आणि फाइल परत येते. पेन्शनीचा निर्णय प्रयागराजच्या कार्यालयात होतो, व्यवहार आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत चालतो. प्रणाली आल्यानं कामं लवकर होतात हे खरं. पण दरवर्षी हयातीचा दाखला द्यायच्या वेळी कापूस वेचून, मिरची तोडून झिजलेली बोटं यंत्रावर उमटत नाहीत. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय निघाली आहे, तिला चांगला मोबाइल आणि रेंज लागते. अशा बाईला ‘आम्हाला तुमचा अभिमान आहे’ म्हणणारे पुष्कळ असतात. तिच्याबरोबर सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहणारा क्वचितच भेटतो.

कागदांची ही अडचण नुसती कारकुनी नाही. कायदा त्या बाईकडे कसा पाहत आला, हेही तिच्यात दिसतं. शौर्यपदकाबरोबर दरमहा मिळणारा भत्ता विधवेनं पुनर्विवाह केला की बंद होत असे. अपवाद एकच, तिनं दिराशी लग्न केलं तर. म्हणजे नवऱ्याच्या शौर्यावरचा तिचा हक्क ती त्याच घरात राहील तोवरच. ही अट संरक्षण मंत्रालयानं नोव्हेंबर 2017 मध्ये काढली. स्वातंत्र्याला सत्तर वर्षं झाल्यावर. गावाचा कायदा तर अजून मागे आहे. जिला सकाळी ग्रामपंचायतीत वीरपत्नी म्हणून शाल दिली जाते, तिला संध्याकाळच्या हळदीकुंकवाला बोलावलं जात नाही. या दुटप्पीपणावर पहिला नेमका घाव घातला तो शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं. मे 2022 मध्ये त्या गावानं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ज्या तालुक्यात सैनिक टाकळी आहे, त्याच तालुक्यात हे घडलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. सैनिकाच्या विधवेचा मान राखायचा, तर आधी विधवेचा मान राखावा लागतो. पुनर्विवाह करणाऱ्या वीरपत्नीबद्दल ‘एवढ्यात विसरली’ असं कुजबुजणारे लोक तिच्या नवऱ्याच्या अभिमानाचे राखणदार होऊ पाहतात; तो अधिकार त्यांना कुणी दिला?

मग दुसरा आक्षेप येतो, आणि तो जरा बोचरा आहे. पैसा आला की सासू-सून कोर्टात जातात, मग कुठे राहिला तो अभिमान? अशी भांडणं होतात, नाकारण्यात अर्थ नाही. 2024 मध्ये मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालेल्या एका तरुण अधिकाऱ्याच्या आईवडिलांनी वारसाचे नियम बदलावेत अशी जाहीर मागणी केली, तेव्हा देशभर यावर चर्चा झाली. पण भांडणाचं मूळ शोधलं तर ते बहुधा लोभापेक्षा व्यवस्थेत सापडतं. विवाहित जवानाची कौटुंबिक पेन्शन पत्नीच्या नावे होते, आणि ते योग्यच आहे. पण ज्या बापानं बैल विकून पोराला भरतीच्या अकादमीत ठेवलं, म्हातारपणाची काठी म्हणून ज्याच्याकडे पाहिलं, त्याचं उत्पन्नही त्याच दिवशी थांबलेलं असतं. दोघांची गरज खरी, रकाना मात्र एकच. विमा आणि भविष्यनिर्वाह निधीत जवानाला हयातीतच नॉमिनेशनचे हिस्से ठरवून ठेवता येतात. पण आमच्याकडे जिवंत माणसानं मरणाचा कागद भरणं अभद्र मानतात आणि तो रकाना लग्नाआधी भरलेला तसाच राहतो. लग्नानंतर बदललेला नसेल तर सून तुटते, पूर्ण बदलला असेल तर आई तुटते. या भांडणाला अभिमानाचा अभाव म्हणणं म्हणजे कारकुनी दोषाचं खापर दुःखी माणसांवर फोडणं. दोघीही त्याच माणसावर आपला हक्क सांगत असतात. अभिमान नसता तर हक्क सांगण्याइतकं काय उरलं असतं?

देणेकऱ्याची नियत पाहायची तर मरणांची जी प्रतवारी आपण करून ठेवली आहे, ती पाहावी. लढाईतल्या मृत्यूला शेवटच्या वेतनाइतकी उदारीकृत कौटुंबिक पेन्शन, सेवेमुळे आलेल्या इतर मृत्यूला 60 टक्क्यांची विशेष पेन्शन, बाकीच्यांना साधारण 30 टक्क्यांची. सरकारला काही रेषा आखाव्या लागतात हे मी मान्य करतो. युद्धात पडलेल्याचा दर्जा वेगळा असायला हरकत नाही. अडचण अशी की अंत्ययात्रेत या रेषा कुणालाच दिसत नाहीत, त्या घरच्यांना कार्यालयात पहिल्यांदा कळतात. पुलवामात 14 फेब्रुवारी 2019 ला 40 जवान गेले, त्यांत बुलढाणा जिल्ह्यातले मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातले नितीन राठोड होते. दोघे केंद्रीय राखीव पोलिस दलाचे. या दलांत 2004 नंतर भरती झालेल्यांना निवृत्तीसाठी नवीन पेन्शन योजना लागू झाली, सैन्याला मात्र तिच्यातून वगळलेलं आहे. गावाला दोन्ही गणवेश सारखे, सरकारला नाहीत. आणि 2022 पासून अग्निवीर आले. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांतला फार तर एक कायम. त्याच बुलढाण्यातल्या पिंपळगाव सराईचे अक्षय गवते ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचिनमध्ये मरण पावले; मोहिमेवर कर्तव्य बजावताना प्राण गमावलेले ते पहिले अग्निवीर. त्यांच्या कुटुंबाला 48 लाखांचा विमा, 44 लाखांचं सानुग्रह अनुदान, उरलेल्या मुदतीचा पगार असं मिळून एक कोटीहून अधिक देणं लागतं, असं सैन्यानं सांगितलं. रक्कम मोठी आहे आणि ती दिली जाते, हे सरकारच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण अग्निवीराच्या आईवडिलांना पेन्शन नाही. पेन्शन म्हणजे नुसता पैसा नव्हे. देश दर महिन्याला त्या घराची आठवण ठेवतो याची ती खूण असते. एकरकमी देणं हिशेब मिटवतं. जी आई मरेपर्यंत तो अभिमान वागवणार आहे, तिच्याशी देशानं हिशेब मिटवावा का, हा माझा प्रश्न आहे.

दोन आक्षेप उरतात. एक असा की सैनिकाचंच एवढं कशाला. ऊसतोड कामगार ट्रॉलीखाली येतो, वायरमन खांबावर जीव गमावतो, त्यांच्या घरचं काय? प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याची दिशा चुकते. त्या घरांनाही मिळायला हवं, आणि कारखान्यानं, वीज कंपनीनं ते द्यायलाच हवं. सैनिकाचं कमी केल्यानं त्यांचं वाढत नाही. सैनिकाचा फरक एवढाच की त्याला आपल्या सगळ्यांच्या नावानं, आपण निवडलेल्या सरकारच्या हुकमानं पाठवलेलं असतं, म्हणून त्याचं देणं थेट आपल्या अंगावर येतं. दुसरा आक्षेप असा की अशा अभिमानानं युद्धाची हौस वाढते. या घरांचे कागद करताना मला उलटं दिसलं आहे. तणाव वाढला की युद्ध व्हावं असं चौकात आणि मोबाइलवर ऐकू येतं. ज्यांचं माणूस तिकडे असतं, ते फोनची वाट पाहतात. ज्याला किंमत माहीत असते, तो ती उधळायला तयार नसतो. युद्धाची हौस वाढते ती दुसऱ्याचा अभिमान फुकटात वापरणाऱ्यांमुळे. म्हणजे हा आक्षेपही शेवटी माझ्याच मुद्द्यापाशी येतो: अभिमान त्याच्या खऱ्या मालकाच्या हाती राहिला तर जबाबदारीनं वापरला जातो.

शाली आणि सत्कार बंद करा असं मी म्हणत नाही. त्या घरांना ते आवडतात, आणि गावानं नाव घेतलं की आईच्या जिवाला बरं वाटतं. पण सत्कार हे देणं फेडल्याची पावती म्हणून धरू नये. करायचं ते फार अवघड नाही. सेवेत असलेल्या प्रत्येक जवानानं पुढच्या सुट्टीत बायकोला आणि आईबापाला घेऊन बसावं आणि पेटीतले कागद काढावेत. लग्नाची नोंद युनिटला झाली आहे का, सगळ्यांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, नॉमिनेशनमध्ये कुणाचे किती हिस्से आहेत, जोडफोटो कुठे आहे, हे पाहावं. आणि पेटीची किल्ली बायकोकडे ठेवावी. तलाठी, ग्रामसेवक आणि बँकेच्या शाखेनं सैनिकाच्या घरचा माणूस आला तर त्याला परत न पाठवता कोणता कागद कमी आहे ते एकाच वेळी, लिहून सांगावं. भरतीच्या अकादम्यांनी पोरांना सोळाशेच्या वेळेबरोबर नॉमिनेशनचा अर्जही शिकवावा. ग्रामपंचायतीनं वीरपत्नीचा सत्कार ठरवण्याआधी हेरवाडसारखा ठराव करावा. 7 डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी देऊन झाला की गावातल्या किती फौजी घरांचे कागद अडले आहेत, ते कुणीतरी विचारावं आणि त्यांतल्या एकाबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत जाऊन यावं. एवढं ज्यानं केलं, त्यानं खुशाल व्यासपीठावर जाऊन अभिमानाबद्दल बोलावं. बाकीच्यांनी आधी रांगेत उभं राहावं.